मोडलेला नेम आणि प्रभूची मेज

पस्तिशीतले एक वाचक लिहितात: मी मंडळीत वाढलो, तरुणपणी स्वतःहून विश्वास ठेवला आणि तेव्हापासून मला एकच खंत आहे की माझ्या आत्मिक जीवनाला शिस्त नाही. घरी पत्नी आणि दोन मुले आहेत. दर वर्षाच्या आरंभी मी ठरवतो की पहाटे पाचला उठून तासभर प्रार्थना करायची, वर्षभरात संपूर्ण बायबल वाचायचे, शुक्रवारी उपास करायचा आणि मोबाइलला आवर घालायचा. काही आठवडे सगळे नीट चालते. मग एखाद्या दिवशी जाग येत नाही, वाचन मागे पडते आणि पाहता पाहता सगळेच विस्कटते. रात्री साडेबारापर्यंत मोबाइल पाहत बसतो आणि सकाळी स्वतःचीच घृणा वाटते. एकदा पहाटे माझी पाच वर्षांची मुलगी उठून जवळ आली, तर माझा शांत वेळ मोडला म्हणून मी तिच्यावर खेकसलो. माझा एक मित्र म्हणतो की हे सगळे नियमशास्त्र आहे, कृपेत असलेल्या माणसाने असले नेम करूच नयेत. दुसरीकडे, मंडळीत ज्यांच्या साक्षी ऐकतो ते सगळे पहाटे उठणारे आहेत. देव माझ्यावर नाराज आहे असे मला आता मनापासून वाटते, आणि गेले काही महिने मी मंडळीतले प्रभुभोजनही, म्हणजे भाकर आणि प्याला, घेतलेले नाही. माझा विश्वासच खोटा आहे का? शिस्त अंगी बाणावी म्हणून मी काय करू?

प्रिय बंधू,

तुमच्या पत्राच्या शेवटी दोन प्रश्न आहेत, पण माझे लक्ष वेधले ते तुम्ही ओघात सांगून टाकलेल्या तीन गोष्टींनी: मुलीवर खेकसणे, रात्रीचे साडेबारा आणि न घेतलेले प्रभुभोजन. तुमच्या मते शिस्तीचा प्रश्न पहाटे पाचचा आहे. मला तो या तीन ठिकाणी अधिक दिसतो. त्यांच्याकडे वळण्याआधी मात्र ज्या समजुतीवर तुमचे सगळे पत्र उभे आहे तिच्याविषयी बोलले पाहिजे. ती समजूत अशी की ज्या दिवशी नेम पाळला गेला त्या दिवशी देव प्रसन्न आणि ज्या दिवशी मोडला त्या दिवशी नाराज. तुम्ही ती अशा शब्दांत मांडलेली नाही, आणि कोणी सरळ विचारले तर नाकारालही, कारण तारण कृपेने आहे हे तुम्ही लहानपणीच पाठ केले आहे. पण आपण देवाला खरोखर कसा मानतो हे आपण तोंडाने काय कबूल करतो यापेक्षा आपला नेम मोडलेल्या दिवशी अधिक कळते. त्या दिवशी तुम्ही देवापासून दूर राहता. म्हणजे तुमच्या मनाच्या हिशेबात नेम ही प्रवेशाची फी आहे आणि ती भरता आली नाही की दार बंद.

पौलाने तीताला लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात हा क्रम उलटा लावला आहे. सर्व माणसांना तारण देणारी देवाची कृपा प्रकट झाली आहे असे म्हणून तो लगेच सांगतो की हीच कृपा आपल्याला अभक्ती आणि ऐहिक वासना सोडून मर्यादेने, नीतीने व सुभक्तीने वागायला शिकवते. म्हणजे इथे शिकवणारी कृपा आहे आणि संयम हा तिच्या शाळेतला विषय आहे. तो विषय आधीच येतो म्हणून कोणाला त्या शाळेत घेतले जात नाही, आणि शिकताना चुका झाल्या म्हणून कोणाचे नाव पटावरून कमी होत नाही. आत्मसंयमनाविषयी देवाशी इतक्या मोकळेपणाने बोललेला माणूस प्राचीन मंडळीतल्या ऑगस्टीनसारखा दुसरा क्वचितच सापडेल. 'मला शुद्धता दे, पण एवढ्यात नको' अशी प्रार्थना आपण तारुण्यात केली होती, हे त्याने इ.स. 400 च्या सुमारास लिहिलेल्या आत्मनिवेदनात स्वतःच सांगितले आहे. त्याच ग्रंथात पुढे तो म्हणतो: तू आम्हाला संयमाची आज्ञा करतोस, जे तू आज्ञापितोस ते दे, आणि मग तुला हवे ते आज्ञापि. हे वाक्य कानांवर आल्यावर कडक शिस्तीचा आग्रह धरणारा पेलाजियस चिडला, कारण असे बोलणारा माणूस हातपाय हलवणार नाही अशी त्याला धास्ती वाटली. प्रत्यक्षात ऑगस्टीन 430 मध्ये मरण येईपर्यंत उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पो येथे बिशप म्हणून राबत राहिला. देण्याची जबाबदारी देवावर सोपवल्याने त्याचे हात सैल पडले नाहीत.

अठराव्या शतकातला इंग्लिश धर्मोपदेशक जॉन वेस्ली याचे आयुष्यही या संदर्भात पाहण्यासारखे आहे. 1729 पासून ऑक्सफर्डमध्ये तो, त्याचा भाऊ चार्ल्स आणि काही विद्यार्थी इतक्या काटेकोरपणे राहत की बाकीचे त्यांना 'मेथडिस्ट', म्हणजे पद्धतीला चिकटणारे, म्हणून चिडवू लागले. बुधवारी आणि शुक्रवारी उपास, वेळेचा हिशेब, तुरुंगातल्या कैद्यांच्या भेटी, नियमित प्रभुभोजन, यांत कुठे कसर नव्हती. तुम्ही ज्याची आस धरून आहात ते बहुतेक सारे वेस्लीपाशी होते. तरीही 1738 च्या आरंभी अमेरिकेहून परतताना, मी इतरांचे परिवर्तन करायला गेलो पण माझे परिवर्तन कोण करणार, असे त्याने हताशपणे लिहून ठेवले. त्याच वर्षी 24 मे रोजी लंडनमध्ये ऑल्डर्सगेट रस्त्यावरच्या एका लहान सभेत रोमकरांस पत्राला धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने लिहिलेली प्रस्तावना वाचली जात असताना, ख्रिस्ताने माझी, माझीसुद्धा पापे दूर केली आहेत, अशी खात्री त्याला लाभली. हा प्रसंग साक्षींमधून पुष्कळदा सांगितला जातो, पण त्यानंतरचे वेस्लीचे वागणे मला त्याहून बोलके वाटते. त्या संध्याकाळनंतर त्याने पहाटे उठणे सोडले नाही, उपास टाकला नाही, गरिबांकडे जाणे थांबवले नाही. 1791 मध्ये, वयाच्या 87 व्या वर्षी तो वारला तोवर दिनक्रम बाहेरून जवळजवळ तसाच चालला होता. बदलले होते ते एवढेच की त्या दिनक्रमातून आता त्याला स्वतःविषयी काही सिद्ध करायचे उरले नव्हते. तुमचा विश्वास खोटा आहे का, या प्रश्नाला माझे उत्तर म्हणूनच 'नाही' असे आहे. खोट्या विश्वासाच्या माणसाला देवापासून दुरावल्याचे इतके दुःख होत नाही.

आता तुमच्या मित्राविषयी. तुमची ओढाताण पाहून तो कळवळ्याने बोलला असावा, आणि त्याचे म्हणणे सगळेच चूक नाही. कृपेला नियमांची ठिगळे लावणाऱ्यांना पौलाने गलतीकरांस पत्रात जितके खडसावले आहे तितके क्वचितच कोणाला खडसावले असेल. पण तोच पौल करिंथकरांस पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात धावपटू आणि मुष्टियोद्धे यांची उदाहरणे देतो. करिंथजवळ दर दोन वर्षांनी मोठे क्रीडोत्सव भरत. जिंकणाऱ्याच्या डोक्यावर पाल्याचा मुकुट चढे आणि तो काही दिवसांत सुकून जाई. हे पाहिलेल्या लोकांना पौल सांगतो की नाशवंत मुकुटासाठी ते सर्व गोष्टींत संयम पाळतात, मग आपण अविनाशी मुकुटासाठी का पाळू नये? तीमथ्याला तो 'सुभक्तीविषयी कसरत कर' असे लिहितो. फिलिप्पैकरांना तो आपले तारण भीत व कापत साधून घ्यायला सांगतो आणि त्याच श्वासात त्याचे कारण देतो: इच्छा करणे आणि कृती करणे, या दोन्ही गोष्टी तुमच्यामध्ये साधणारा देव आहे. मित्राला परिश्रम दिसले की तिथे नियमशास्त्र दिसते, आणि तुम्हाला कृपा म्हटली की ढिलाईची भीती वाटते. पौलाला या दोन्ही अडचणी नव्हत्या, कारण त्याच्या दृष्टीने आपल्यामध्ये कार्य करणारा देव हेच आपण कार्याला लागण्याचे कारण होते. संयम हे आत्म्याचे फळ आहे तेव्हा ते आपोआप यावे, असे मानणाऱ्यांनी पेत्राच्या दुसऱ्या पत्राचा पहिला अध्यायही वाचावा. तिथे होईल तितका प्रयत्न करून विश्वासात एकेका गुणाची भर घालायला सांगितले आहे, आणि इंद्रियदमनाच्या, म्हणजे संयमाच्या, लगेच पुढे धीर आला आहे.

मुलीची गोष्ट तुम्ही एका वाक्यात संपवली आहे, पण मी तिथे थांबणार आहे. पहाटेची वेळ, पुढ्यात बायबल उघडे, तुमचे डोळे मिटलेले, आणि अर्धवट झोपेत एक मूल येऊन तुमच्या गुडघ्याला बिलगते. त्या क्षणी तुमच्यापुढे आत्मसंयमनाची जी परीक्षा उभी होती तिचा तुमच्या वार्षिक संकल्पात कुठे उल्लेखच नाही. पहाटे उठलात म्हणून तुम्ही स्वतःला शिस्तीचे मानले आणि वेळ मोडला म्हणून अपयशी मानले. पण जीभ सुटली हे तुमच्या हिशेबात फक्त त्या वेळेच्या नुकसानीचा एक भाग म्हणून आले. गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातली आत्म्याच्या फळाची यादी आपण सुटी काढून पाठ करतो. तिच्या अगोदरच्या वचनांत देहाची कर्मे सांगितली आहेत आणि त्यांत वैर, कलह, मत्सर, राग, तट यांची भली मोठी ओळ आहे. त्याआधी तर तुम्ही एकमेकांना चावता व खाऊन टाकता, असा इशारा आहे. आत्म्याच्या फळाच्या यादीत शेवटी आलेले इंद्रियदमन एका छताखाली, एका मंडळीत राहणाऱ्या माणसांशी कसे वागायचे याविषयीचे आहे. एकांतातल्या तासाला त्यात जागा आहे, पण त्या तासाने घरातल्या लहानग्याला दुखावायची परवानगी मिळत नाही.

आपल्या प्रभूचा एकांत किती वेळा मोडला ते पाहा. मार्काच्या पहिल्या अध्यायात कफर्णहूममध्ये संध्याकाळी सारे नगर दाराशी जमले होते. दुसऱ्या दिवशी अगदी पहाटे, अंधार असतानाच, तो उठून निर्जन जागी प्रार्थनेला गेला. तुम्ही हे वचन पाचच्या गजराच्या समर्थनार्थ नक्कीच वाचले असेल. त्याच्या पुढचेच वचन असे आहे की शिमोन आणि त्याच्या सोबतचे लोक त्याच्या पाठीमागे शोधत गेले आणि सर्व लोक आपला शोध करत आहेत असे म्हणाले. येशूने त्यांच्यावर आवाज चढवल्याचा उल्लेख नाही. तो त्यांना घेऊन आसपासच्या गावांकडे निघाला. सहाव्या अध्यायात तर शिष्यांना जेवायलाही सवड नव्हती म्हणून तो त्यांना मचव्यातून एकांतात नेतो, आणि लोक पायी धावत त्यांच्या आधी तिथे हजर होतात. त्याला त्यांचा कळवळा आला, असे मार्क लिहितो. पण गोष्ट तिथे संपत नाही. लोकांना शिकवून, जेवू घालून, निरोप दिल्यावर तो प्रार्थना करायला डोंगरावर गेला. मोडलेली प्रार्थना त्याने सोडून दिली नाही, पुढे ढकलली. लहान मुले असलेल्या प्रत्येक आईवडिलांनी हा अध्याय याच दृष्टीने वाचावा असे मला वाटते. मूल आले तर त्याला मांडीवर घ्या, दोन ओळींची प्रार्थना त्याच्याबरोबर मोठ्याने म्हणा आणि उरलेली दुपारी किंवा रात्री करा. त्या दिवशी खेकसल्याबद्दल मुलीची क्षमा मागितली नसेल तर मागा. पाच वर्षांच्या मुलाला ती कळते.

आणखी एक विचारू का? पत्रात तुमच्या पत्नीचा उल्लेख एकदाच आहे, तोही कुटुंबात कोण कोण आहे हे सांगताना. तुम्ही पहाटेचा तास स्वतःसाठी राखता तेव्हा घरातली कामे कोण करते, आणि त्यांना असा तास मिळतो का? आठवड्यातून काही सकाळी तुम्ही मुलांचे पाहिले आणि त्यांना शांतपणे बसू दिले तर तो तुमच्या शिस्तीचाच भाग ठरेल, आणि कदाचित सर्वांत अवघड भाग ठरेल.

रात्रीकडे येऊ. साडेबाराला झोपून पाचला उठणारा माणूस साडेचार तास झोपतो, आणि हे निभावले नाही तर त्याला अविश्वास म्हणण्याचे कारण नाही. गेथशेमाने बागेत शिष्यांना झोप आवरली नाही तेव्हा प्रभूने त्यांना जागे राहून प्रार्थना करायला सांगितले आणि आत्मा उत्सुक असला तरी देह अशक्त आहे हेही सांगितले. एलीया झुडपाखाली जीव नकोसा होऊन पडला होता तेव्हा देवदूताने त्याला खाऊ घातले, पुन्हा झोपू दिले आणि पुन्हा खाऊ घातले. त्याच्याशी बोलणे झाले ते त्यानंतर कितीतरी दिवसांनी. म्हणून तुम्ही पहिला नेम झोपण्याच्या वेळेचा करा. मोबाइल रात्री दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा आणि गजरासाठी साधे घड्याळ घ्या, म्हणजे पहाटेही पहिला हात मोबाइलकडे जाणार नाही. त्याबरोबर स्वतःला प्रामाणिकपणे विचारा की त्या वेळी तुम्ही काय शोधत असता. पुष्कळांच्या दिवसात तेवढाच वेळ कोणाच्या मागणीशिवाय मिळतो. तसे असेल तर ती भूक खरी आहे आणि नुसती बंदी घालून ती जाणार नाही. जेवणानंतरचा अर्धा तास राजरोस स्वतःचा ठेवा, पत्नीशी गप्पा मारा, फेरी मारून या. पाच वाजताच उठायला हवे असे पवित्र शास्त्रात कुठेही नाही. रात्रपाळी करणारी परिचारिका, तान्ह्या बाळाची आई, आजारी वडिलांची रात्रभर शुश्रूषा करणारा मुलगा, यांचा शांत वेळ दुपारी तीनला असेल तर देवाला तो चालतो. साक्ष देणारे पहाटे उठतात हे खरे असेल. न उठणारे साक्ष द्यायला उभे राहत नाहीत हेही लक्षात घ्या.

चार संकल्प एकाच दिवशी सुरू करू नका. वर्षभरात बायबल वाचण्याचा तर तूर्त सोडूनच द्या. प्रॉटेस्टंट बायबलमध्ये 1189 अध्याय आहेत, म्हणजे रोज तीन-चार अध्यायांचा वेग हवा. उत्पत्ती आणि निर्गम कथांच्या बळावर पार होतात, लेवीयमधल्या अर्पणांच्या विधींपाशी पाय जड होतो, मग आठ अध्यायांची थकबाकी, मग वीस, आणि शेवटी वाचनाला बसणे म्हणजे थकबाकीला तोंड दाखवणे होऊन बसते. स्कॉटलंडमधल्या डंडीचे तरुण पाळक रॉबर्ट मरे मॅक्चेन यांनी 1842 मध्ये आपल्या मंडळीसाठी वर्षभराच्या वाचनाचे जे कोष्टक तयार केले ते आजही जगभर वापरले जाते. त्याच्यासोबतच त्यांनी त्याचे धोकेही लिहून दिले होते: वाचन नुसता उपचार होईल, पूर्ण करणाऱ्याला स्वतःच्या नीतिमत्त्वाचा गर्व चढेल, घाईत निष्काळजीपणे वाचले जाईल, आणि काहींना ते पेलवणार नाही असे जू होईल. कोष्टक देणाऱ्यानेच हे इतक्या स्पष्टपणे सांगून ठेवले असताना आपण फक्त कोष्टक उचलले. तुम्ही मार्काचे शुभवर्तमान घ्या. सोळाच अध्याय आहेत. रोज एक प्रसंग वाचा, आवडला तर दुसऱ्या दिवशी तोच पुन्हा वाचा. एखादा दिवस चुकला तर तो भरून काढू नका. आजचा भाग आज वाचा.

प्रार्थनेसाठी तासाऐवजी पंधरा मिनिटे ठरवा, आणि ती सुरू कशी करायची हेही आधीच ठरवा, कारण बहुतेकांची गाडी तिथेच अडते. मार्टिन ल्यूथरने 1535 मध्ये आपल्या न्हाव्याला, पेत्राला, प्रार्थना कशी करावी याविषयी एक छोटी पुस्तिका लिहून दिली. थोडा थांब, तासाभराने प्रार्थना करू, आधी हे काम उरकू, अशा फसव्या विचारांपासून सावध राहा, असे तो तिथे बजावतो. इतर कामांनी आपले मन थंड आणि प्रार्थनेला नाखूश झाले आहे असे वाटले की आपण काय करतो हेही तो सांगतो: स्तोत्रांचे छोटे पुस्तक घेऊन खोलीत जातो, किंवा वेळ असेल तर लोक जमले असतील त्या मंदिरात जातो, आणि दहा आज्ञा, विश्वासांगीकार, ख्रिस्ताची किंवा पौलाची काही वचने, एखादे स्तोत्र असे लहान मुलासारखे शब्दन् शब्द स्वतःशी म्हणू लागतो. प्रार्थनेची इच्छा होण्याची वाट तो पाहत बसत नाही. पाठ असलेल्या शब्दांनी सुरुवात करतो आणि मन मागून येते. तुम्हीही प्रभूची प्रार्थना आणि एक स्तोत्र रोज त्याच जागी, पुटपुटत का होईना, म्हणण्यापासून आरंभ करा. काही सकाळी त्यापुढे काहीच सुचणार नाही. त्या सकाळीही प्रार्थना झालेली असते.

नेम मोडेल त्या दिवसाची तयारी मात्र आजच करून ठेवा, कारण तो दिवस येणार आहे. सहाव्या शतकात इटलीत बेनेडिक्टने मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली तिचे 73 अध्याय आहेत, आणि तिच्यात आठवड्याला सर्व 150 स्तोत्रे म्हणण्याची आखणी आहे. इतका काटेकोर माणूस उशिरा उठणाऱ्याविषयी काय लिहितो ते पाहण्यासारखे आहे. रात्रीच्या उपासनेच्या आरंभीचे स्तोत्र मुद्दाम रेंगाळत, सावकाश म्हणावे, म्हणजे मागे राहिलेल्यांना येऊन पोचता येईल. त्यानंतरही कोणी आलाच तर त्याला सर्वांत शेवटी किंवा वेगळ्या ठरवलेल्या जागी उभे करावे, पण आत घ्यावे. बाहेर ठेवले तर तो परत जाऊन झोपेल किंवा बाहेर बसून गप्पा मारील आणि त्याचे सगळेच जाईल. उठताना बंधूंनी एकमेकांना हळुवारपणे धीर द्यावा, कारण झोपाळू लोकांना सबबी सुचतात, असेही त्याने लिहिले आहे. उशिरा आलेल्याला तिथे थोडी लाज सोसावी लागते, उपासनेला मात्र त्याला मुकावे लागत नाही. तुम्ही वर्षानुवर्षे स्वतःला याच्या उलट शिक्षा देत आला आहात: पाचला जाग आली नाही म्हणून दिवसभर प्रार्थनाच नाही, मंगळवार चुकला म्हणून आठवडाच गेला. यापुढे साडेसातला जाग आली तर साडेसातला दोन मिनिटे उभ्यानेच प्रार्थना करा आणि कामाला लागा. एखाद्याची शिस्त किती पक्की आहे हे मी त्याच्या न चुकलेल्या दिवसांवरून ओळखणार नाही. चुकल्यावर तो किती लवकर परततो यावरून ओळखीन.

उपासाविषयी थोडक्यात. प्रभूने मत्तयाच्या सहाव्या अध्यायात दानधर्म, प्रार्थना आणि उपास तिन्ही एकत्र घेतले आहेत आणि तिन्ही गुप्तपणे करायला सांगितले आहेत, तेव्हा उपास टाकून देण्याची गोष्ट नाही. पण झोप आणि प्रार्थना मार्गी लागेपर्यंत तो बाजूला ठेवा. नंतर एका जेवणापासून सुरुवात करा आणि यशयाच्या 58 व्या अध्यायात सांगितल्याप्रमाणे वाचलेले भुकेल्यापर्यंत पोचवा. मधुमेह असणाऱ्यांनी, गरोदर स्त्रियांनी, नियमित औषधे घेणाऱ्यांनी आणि अन्नाशी ज्यांचे नाते आधीच बिघडलेले आहे अशांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून उपास करू नये.

हे सारे तुम्ही एकट्याने करत आला आहात, आणि माझ्या मते तुमच्या थकव्याचे मोठे कारण तेच आहे. वेस्लीच्या लोकांमध्ये 1742 साली ब्रिस्टलला उपासनागृहाचे कर्ज फेडण्यासाठी साधारण बाराबारा जणांचे गट पाडले गेले. प्रत्येक गटाच्या पुढाऱ्याने घरोघर जाऊन आठवड्याची पेनी गोळा करायची होती. दाराशी गेल्यावर माणसे कशी जगतात ते दिसू लागले, आणि वर्गणीची ती व्यवस्था लवकरच एकमेकांच्या जिवाची विचारपूस करणाऱ्या साप्ताहिक बैठकीत बदलली. तुम्हाला बारा जण नकोत, एक पुरे. ज्या मित्राने नियमशास्त्राविषयी सावध केले तोच का नसावा? आठवड्यातून एकदा त्याने इतकेच विचारावे की झोपायला किती वाजतात, आणि घरी आवाज किती वेळा चढला.

या सदराच्या इतर वाचकांसाठी एक गोष्ट नोंदवतो. दारू, अश्लील चित्रफिती किंवा जुगार यांच्या विळख्यात सापडलेल्यांनी ही सगळी चर्चा केवळ वेळापत्रकाची समजू नये. तिथे व्यसनमुक्तीची माहितगार मदत घेणे हीच शिस्तीची पहिली पायरी आहे. तसेच, प्रार्थना नीट झाली नाही म्हणून ती पुन्हा पुन्हा म्हणावी लागणे, क्षमा मागूनही अपराधाची टोचणी क्षणभर न सुटणे, असे ज्यांचे होत असेल त्यांना अधिक कडक नेमांनी अपाय होतो. त्यांनी समजूतदार पाळकाशी आणि मनोविकारतज्ज्ञाशी, दोघांशीही बोलावे.

शेवटी प्रभुभोजन. अयोग्य प्रकारे भाकर खाण्याविषयीचे पौलाचे शब्द तुमच्या मनात असणार. करिंथ येथे काय चालले होते ते त्याच अध्यायात दिले आहे: प्रभूच्या मेजेला जमल्यावर काही जण आपले जेवण आधीच उरकून घेत, कोणी पिऊन धुंद होई आणि ज्यांच्यापाशी काही नव्हते ते भुकेले राहून लाजत. पौलाचा राग बंधूंना तुच्छ लेखण्यावर होता. पहाटे न उठणाऱ्यांचा तिथे विषय नाही. पुढे तो सांगतो की प्रत्येकाने आत्मपरीक्षा करावी आणि मग त्या भाकरीतून खावे व त्या प्याल्यातून प्यावे. परीक्षेनंतर खाण्याची आज्ञा आहे, दूर बसण्याची नाही. लूकाच्या 22 व्या अध्यायात ज्या मेजेवर प्रभूने भाकर मोडली त्याच मेजेवर त्याने शिमोनाला सांगितले की तू मला नाकारशील. पण तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केली आहे, आणि तू वळल्यावर आपल्या भावांना स्थिर कर. नाकारणार हे ठाऊक असूनही त्याला मेजेवरून उठवले नाही. तुमच्या पाळकांना उपासनेच्या आधी भेटा, काही महिने का घेतले नाही ते सांगा, आणि घरात कोणाशी बोलायचे राहिले असेल तर शनिवारी रात्रीच बोलून घ्या. मग पुढच्या प्रभुभोजनाला पत्नीसोबत पुढे जा.